फायलीवर दादाचं नाव

कपड्यांच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलावर पहिल्यांदा बाई आली, तेव्हा तिला काय म्हणायचं हे कुणाला सुचलं नाही. त्या जागेवरच्या माणसाला मास्तर म्हणत, म्हणून त्या बाईही मास्तरच झाल्या. पुढे एकतीस वर्षं त्यांनी ऐंशी-ऐंशी थरांचं कापड एका दमात कापलं, हाताखाली माणसं तयार केली, आणि निवृत्त झाल्या तेव्हा घरच्यांच्याही तोंडी मास्तर हेच नाव बसलेलं होतं. त्यांची लेक तेवढी आई म्हणायची. थोरला भाऊ, म्हणजे दादा, तोही हाक मारायचा ती मास्तर अशीच.

लेक चार वर्षांची असताना मास्तरांचे यजमान गेले आणि त्या दादाच्या घरी राहायला आल्या. दादाने लग्न केलं नव्हतं. तो टेलिफोन एक्स्चेंजमध्ये फॉल्ट शोधायच्या कामावर होता. घर दुमजली, पण लहान. खाली मास्तरांची मशीन, कापायचं टेबल आणि स्वयंपाकघर. वर दादाची खोली. निवृत्तीनंतर दादाने कॉम्प्युटरचा नाद लावून घेतला. एका जुन्या डब्यावर लिनक्स ही फुकटात मिळणारी प्रणाली बसवली, त्याला रुंद कागदाचा मोठा प्रिंटर जोडला आणि मास्तरांना वर बोलावून म्हणाला, "आता पेन्सिल आणि तपकिरी कागद बंद. यावर आखायचं." मास्तरांनी आधी नाक मुरडलं, पण महिनाभरात त्या पडद्यावर बगलेचा मुंढा आणि बाही अशा सफाईने आखायला लागल्या, की गावातले चार शिंपी त्यांच्याकडूनच पॅटर्न करून घेऊ लागले.

दादा गेला त्याला आठ महिने झाले होते. दुपारचा पडला तो उठलाच नाही. त्यानंतर मास्तर रोज वर जाऊन त्याच्या खुर्चीत बसून काम करत. पण गुडघे साथ देईनात. डॉक्टरांनी सांगितलं, जिना दिवसातून एकदाच. लेक सुट्टीवर आली तेव्हा तिने खाली मशीनशेजारी दुसरा कॉम्प्युटर मांडून दिला. मामाच्याच डिस्कवरून त्यावर लिनक्स चढवलं, आईच्या नावाचं खातं उघडलं आणि म्हणाली, "आता वरच्या फायली इथून दिसायला हव्यात. मामाच्या वहीत सगळं लिहिलेलं असेल. अडलं तर फोन कर." आणि ती आपल्या नोकरीच्या गावी निघून गेली.

वही होती. दादाचं अक्षर टपोरं. पहिल्याच पानावर, बहुधा एक्स्चेंजच्या सवयीने, त्याने चार ओळी लिहिल्या होत्या:

आधी तार बघ. मग पत्ता बघ. मग दार बघ. मग माणूस बघ.

खाली प्रत्येक ओळीच्या कमांड होत्या, फक्त चौथ्या ओळीखालची जागा कोरी होती.

मास्तर शिस्तीच्या बाई. त्यांनी चष्मा पुसला आणि तारेपासून सुरुवात केली. दोन्ही डबे जोडणाऱ्या राउटरचे दिवे हिरवे होते, दोन्ही तारा घट्ट होत्या. मग पत्ता. वहीत वरच्या कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता लिहिलेला होता, शेवटचा आकडा बारा. खालून त्या पत्त्याला साद घातली तर उत्तरच नाही. पुन्हा घातली. जिना चढून बघून आल्या, वरचा डबा सुरू होता, पंखा फिरत होता. खाली येऊन पुन्हा साद घातली. शुकशुकाट. आत्ताच डोळ्यांनी पाहिलेला, चालू असलेला डबा घरात नाहीच असं खालचा डबा छातीठोकपणे सांगत होता.

लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "मध्ये लाइट गेली होती ना? राउटरने नवा पत्ता दिला असेल. वर जाऊन बघ."

"घर तेच, खोली तीच. पत्ता कसा बदलेल?"

"बदलतो गं आई. त्याला कायमचा पत्ता बांधून द्यावा लागतो."

मास्तरांना ते काही पटलं नाही, पण दुसऱ्या दिवशीच्या जिन्याच्या फेरीत त्यांनी पाहिलं तर खरंच शेवटचा आकडा एकतीस झालेला. लेकीने फोनवर एकेक अक्षर सांगितलं आणि त्यांनी तो पत्ता बांधून टाकला. वहीतल्या बारावर एक बारीक रेघ मारून शेजारी एकतीस लिहिलं. दादाच्या अक्षराशेजारी आपलं अक्षर पाहून त्या क्षणभर थांबल्या.

मग दार. पत्त्यावरून उत्तर येत होतं, फोल्डर मात्र काही केल्या उघडेना. दादाने लिहिलं होतं, की वरच्या डब्याला एक राखणदार असतो, फायरवॉल. त्याला सांगावं लागतं की घरातल्या माणसाला आत सोड. त्याची कमांड एकाच ओळीची होती. ती देण्यात तिसरा दिवस गेला, कारण एका ठिकाणी मोकळी जागा सोडायची होती आणि ती वहीच्या घडीत गेली होती. संध्याकाळी जोडणी झाली. खालच्या पडद्यावर वरची तीन फोल्डरं उमटली: एक दादाच्या नावाचं, एक त्यांच्या नावाचं, एक 'छपाई' नावाचं. मास्तरांनी आधी स्वतःला शाबासकी दिली आणि मग स्वतःच्या नावावर टिचकी मारली.

परवानगी नाकारली.

त्यांना वाटलं, टिचकी चुकली. पुन्हा मारली. परवानगी नाकारली. सहा वर्षांचं काम त्या फोल्डरमध्ये होतं, त्यांच्या स्वतःच्या हाताचं, आणि तो डबा त्यांनाच ओळख दाखवायला तयार नव्हता. 'छपाई' मात्र उघडत होतं. ते दोघांच्या सामायिक वापराचं होतं. छापायचं ते त्यात टाकायचं. मास्तर म्हणाल्या, ठीक आहे, जे उघडतंय त्यावर भागवू.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी खाली बसून चार शिंप्यांतल्या कोटवाल्यासाठी लहान मुलाच्या कोटाचा पॅटर्न आखला, 'छपाई'त ठेवला आणि दिवसाचा एकमेव जिना चढून छापायला वर गेल्या. वर स्वतःच्या खात्यात शिरल्या. फाइल पोचली होती. बाही अर्धा इंच वाढवायची राहिली होती म्हणून त्यांनी ती उघडली, बाही वाढवली, आणि जतन करताना पुन्हा तेच. बदल करायची परवानगी नाही.

कारण दिसेल म्हणून त्यांनी फायलींची सविस्तर यादी उघडली. नाव, आकार, मालक, वेळ. कोटाच्या फायलीपुढे मालक म्हणून दादाचं नाव होतं. वेळ होती आजची, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं.

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. बारा वाजले होते. त्यांनी मागे वळून खोलीकडे पाहिलं. पलंगावरची चादर घडी घातलेली, खिडकी बंद. अकरा-वीसला त्या खाली होत्या आणि वरचा जिना त्यांच्या समोर होता. कुणीही वर गेलेलं नव्हतं. त्यांनी फाइल उघडून पुन्हा बघितली. गळ्याची गोलाई त्यांचीच, मुंढ्याला खूण करायची पद्धत त्यांचीच. काम त्यांचं होतं आणि नाव दादाचं.

त्यांनी प्रिंटर बंद केला आणि कठडा धरून हळूहळू खाली आल्या. लेकीला फोन करून सगळं सांगितलं.

"आई, तू चुकून मामाच्या खात्यात गेली असशील."

"त्याचा पासवर्ड मला ठाऊक नाही."

"मग दुसरं कुणी..."

"दुसरं कोण येणार? आणि येऊन माझ्या हातचा कोट आखणार?"

लेक म्हणाली, बहुधा काहीतरी सेटिंग असेल, आत्ता मी कामात आहे, संध्याकाळी बघू. मास्तरांनी फोन ठेवला. त्यांना भीती वाटत नव्हती. डोकं मात्र पार गरगरत होतं, उलटी बाही जोडलेला कपडा हातात आल्यावर क्षणभर पुढचं-मागचं कळेनासं होतं तसं. दुपारभर त्यांनी मशीन चालवलीच नाही. आणि मग, काहीतरी करायचं म्हणून, खालच्या पडद्यावर त्यांनी तिसऱ्या फोल्डरवर टिचकी मारली. दादाच्या.

ते उघडलं.

हे तर अजबच झालं. वर बसून त्यांनी गेल्या आठ महिन्यांत दोनदा ते उघडायचा प्रयत्न केला होता, विजेच्या जोडणीचे कागद हवे होते म्हणून. दोन्ही वेळा त्यांना आत घेतलं नव्हतं आणि त्यांनीही मग नाद सोडला होता. आता खालून, न विचारता, ते सताड उघडं होतं. स्वतःच्या खोलीला कुलूप आणि भावाच्या खोलीची चावी आपल्या हातात, असा प्रकार. आत नेटकी फोल्डरं होती. वीज. पाणी. फॉल्ट. फोटो. आणि एक, 'शर्ट'.

मास्तरांनी पडदा बंद केला. माणूस असताना त्याच्या कपाटाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. पण दादाने शर्ट कशाला ठेवावा कॉम्प्युटरमध्ये, हा प्रश्न डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्यांनी ते फोल्डर उघडलं.

आत एक्केचाळीस फायली होत्या. शर्ट एक, शर्ट दोन, असं करत शर्ट एक्केचाळीस. त्यांनी पहिली उघडली आणि त्यांना हसू आलं. दादाने पॅटर्न आखला होता. आखला कसला, त्यांचाच साधा पुरुषी शर्टाचा पॅटर्न घेऊन त्याच्याशी झटापट केली होती. कॉलर भलतीकडे, मुंढा बटाट्यासारखा. दुसरी, तिसरी, चौथी. हळूहळू रेघा ताळ्यावर येत गेल्या होत्या. सातव्या-आठव्या फायलीपर्यंत मास्तरांचं हसू मावळलं. प्रत्येक शर्टात एक गोष्ट सारखी होती: डावा खांदा उजव्यापेक्षा खाली, बहुतेकांत पाऊण इंच.

एका पॅटर्नात तसं झालं असतं तर ती नवशिक्याची चूक. एक्केचाळीस वेळा चूक होत नाही. ते माप होतं.

मास्तरांनी दादाला आयुष्यभर शर्ट शिवले. वर्षाला दोन. एकदा माप घेतलं ते घेतलं, पुढे पोट वाढलं तेव्हा फक्त घेर वाढवला. दोन्ही खांदे सारखे धरले, कारण माप घेतलं तेव्हा ते सारखेच होते. शंभर माणसांच्या रांगेतून चालत जाणाऱ्याचा खांदा उतरता आहे की नाही हे सांगणाऱ्या बाई त्या. कारखान्यात याच नजरेसाठी त्यांचं नाव होतं. त्यांनी फोटोंचं फोल्डर उघडलं आणि दादाचा समोरून काढलेला फोटो शोधला. डावा खांदा खाली होता. उघड दिसत होता. शर्ट त्या बाजूला गळ्याशी चुण्या पडून बसला होता, आणि ही चूण त्यांनी प्रत्येक फोटोत, प्रत्येक सकाळी पाहिली असणार.

त्यांनी टोनवाल्यांना फोन केला.

टोनवाले म्हणजे दादाचे एक्स्चेंजमधले जोडीदार. फोनवर पहिलं वाक्य "टोन येतोय का?" हेच असायचं, म्हणून ते नाव. दोघांनी मिळून लिनक्स शिकलं होतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला स्क्रूड्रायव्हरची पिशवी घेऊन हजर झाले, जरी त्या पिशवीचं काही काम नव्हतं.

मास्तरांनी क्रमाने सगळं सांगितलं. शर्टांचं तेवढं सांगितलं नाही. टोनवाल्यांनी वही चाळली, चौथी ओळ वाचली आणि मान हलवली.

"तुमचा फॉल्ट इथे आहे मास्तर. 'माणूस बघ.' "

"कुठला माणूस? घरात मी एकटी."

"कॉम्प्युटरला नाव कळत नाही. त्याच्या लेखी माणूस म्हणजे नंबर. डब्यावर पहिलं खातं उघडलं, की त्याला नंबर मिळतो एक हजार. दुसरं उघडलं, की एक हजार एक. वरच्या डब्यावर पहिलं खातं कुणाचं?"

"दादाचं."

"दुसरं?"

"माझं."

"आणि खालच्यावर?"

"एकच आहे. माझं."

"म्हणजे खाली तुम्ही कोण?"

मास्तरांनी बोटांवर मोजून पाहिलं. मग म्हणाल्या, "हजार."

"आणि वर हजार कोण?"

मास्तरांनी खुर्ची ओढून घेतली आणि बसल्या. कारखान्यात कपड्याच्या प्रत्येक गठ्ठ्याला शिवणाऱ्याच्या बिल्ल्याचा नंबर बांधत. एकदा पहिल्या लाइनीचा चौदा नंबर आणि तिसऱ्या लाइनीचा चौदा नंबर यांचे गठ्ठे एकत्र झाले आणि एकीने बिघडवलेल्या कॉलरी दुसरीच्या माथी बसल्या होत्या. ती बिचारी रडून सांगत होती की हे माझं काम नाही, आणि कागदावर तर तिचाच नंबर होता. मास्तरांनीच तो घोळ निस्तरला होता.

"म्हणजे मी इथून काही ठेवलं, की तार फक्त नंबर वर नेते," त्या सावकाश म्हणाल्या. "वरचा डबा आपल्या यादीत बघतो, हजार कोण, तर दादा. म्हणून माझ्या फायलीवर त्याचं नाव. म्हणून माझं फोल्डर मला बंद आणि त्याचं उघडं."

"बरोबर."

"अकरा-वीसला कुणी आलं नव्हतं."

"कुणी नाही. तुम्हीच होतात."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मास्तरांना थोडं वाटलंही. पण गोंधळ एका जागचा उठून दुसरीकडे जाऊन बसल्यासारखा झाला. त्यांनी पडद्यावर 'शर्ट' उघडून टोनवाल्यांपुढे केला.

टोनवाल्यांनी चार-पाच फायली पाहिल्या. "हं. खांदा," ते म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"शिडीवरून पडला होता तो. गळ्याजवळचं हाड मोडलं, ते जुळताना तिरकं जुळलं. तुम्हाला माहीत नाही?"

"हात झोळीत होता, ते आठवतं. मुरगळलाय म्हणाला होता." त्या वर्षी कारखान्यात निर्यातीची मोठी ऑर्डर होती. त्या अंधारात निघायच्या आणि अंधारात यायच्या. "मग मला का नाही सांगितलं? माझ्या हातचं काम होतं ते. दहा मिनिटांचं."

"शर्टाच्या आत डाव्या बाजूला रुमालाची घडी ठेवायचा. ड्यूटीवर चढायच्या आधी आरशात बघून सारखी करायचा. आम्ही चिडवायचो, बहीण मास्तर आणि शर्टात रुमाल. म्हणायचा, ती दिवसभर दुसऱ्यांचेच खांदे बघते, घरी तरी नको."

मास्तरांनी पडद्यावरच्या 'शर्ट'कडे बोट दाखवलं.

"आणि हे लपवून का ठेवलं? कुलूप का लावलं?"

"लावलं असेलच असं नाही," टोनवाले म्हणाले. "खातं उघडलं की हा डबा आपोआप दुसऱ्याला दार बंद करतो. तुमचंही बंदच होतं की. तुम्ही लावलं होतं का कुलूप?"

"नाही."

"शिवाय त्याने तुमच्या खात्याला मोठ्या कमांडची मुभा दिलेली आहे. तशी मुभा असलेल्या माणसाला ही दारं अडवत नाहीत. वर बसून एक ओळ लिहिली असतीत तर कधीही उघडलं असतं."

"हे त्याला माहीत होतं?"

"त्यानेच मला शिकवलं."

म्हणजे त्याने लपवलं होतं, किंवा लपवलंच नव्हतं. बहिणीने बघावं असं त्याला वाटत होतं, किंवा तिने बघितलं तरी त्याला चालणार होतं, किंवा त्याने या गोष्टीचा विचारच केला नव्हता. मास्तरांनी तिन्ही शक्यता मनात उलटसुलट करून पाहिल्या. एकही नीट बसेना.

टोनवाल्यांनी विचारलं, "आता दुरुस्त करू ना? खालचा तुमचा नंबर हजार एक करतो. मग तुमचं फोल्डर तुम्हाला उघडेल. त्याचं मात्र खालून बंद होईल."

"थांबा जरा," मास्तर म्हणाल्या. त्यांनी 'शर्ट'च्या सगळ्या फायली उचलून 'छपाई'त नकलून ठेवल्या. मूळच्या जागच्या जागी राहू दिल्या. "आता करा."

काम अर्ध्या तासाचं निघालं. टोनवाल्यांनी खालचा नंबर बदलला, जुन्या फायली नव्या नंबराला जोडल्या, वर जाऊन 'छपाई'तल्या फायली मास्तरांच्या नावावर केल्या. मास्तरांनी खालून स्वतःच्या फोल्डरवर टिचकी मारली आणि ते उघडलं. सहा वर्षांचे कोट, फ्रॉक, पाटलोणी रांगेने उभ्या राहिल्या. कोटाची बाही अर्धा इंच वाढवून त्यांनी जतन केली. कुणी अडवलं नाही. दादाच्या फोल्डरवर टिचकी मारली, तर परवानगी नाकारली. त्यांनी वही उघडून चौथ्या ओळीखालच्या कोऱ्या जागेत लिहिलं, "दोन्हीकडे नंबर एकच हवा," आणि खाली टोनवाल्यांनी सांगितलेल्या कमांड उतरवल्या.

तेव्हापासून ती जोडणी बिघडलेली नाही. मास्तर खाली आखतात, एक दिवसाआड वर जाऊन छापतात. कोटवाला शिंपी कोट घेऊन गेला आणि पुढच्या आठवड्यात आणखी दोन आखायला सांगून गेला.

शर्टांचं मात्र त्यांचं अजून चाललेलं आहे. त्या रोज थोडा वेळ काढून एक-एक फाइल तपासतात, नवशिक्या कारागिराचं काम तपासावं तशा, माप लावून. दादाची वाढ त्यातून दिसते. बाराव्याला त्याला कळलं की खांदा उतरवला की मुंढाही तेवढाच खाली घ्यावा लागतो. पंधराव्याला त्याने कॉलर सावरली. आणि सतरावा शर्ट बरोबर आहे. मास्तरांनी तो चार वेळा मोजला. खांदा, मुंढा, बाहीचा गोल, सगळं जुळतं; त्या स्वतः आखत्या तरी याहून वेगळं आखलं नसतं. तो छापून, कापून शिवला असता तर दादाच्या अंगावर चूण पडली नसती.

पण अठराव्यात त्याने तो पुन्हा बिघडवला आहे. एकोणिसाव्यात आणखी. सतराव्यानंतर चोवीस शर्ट, एकही त्याच्याइतका बरोबर नाही. एकही छापलेला नाही. प्रिंटरच्या नोंदीत त्यांनी पाहिलं. बरोबर आलेलं त्याला ओळखू आलं नसेल. किंवा आलं असेल, आणि ते शिवायला देताना काहीतरी बोलावं लागलं असतं. टोनवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले, "तो फॉल्ट सापडल्यावरही लाइन तपासत बसायचा." मास्तरांना ते अर्धंच पटलं.

गेल्या आठवड्यात त्यांनी सतरावा आणि अठरावा पडद्यावर शेजारी शेजारी लावले. फरक एवढाच होता, की अठराव्यात डावा खांदा थोडा वर उचलला होता, जवळजवळ उजव्याच्या बरोबरीला, मास्तर त्याला आयुष्यभर शिवत आल्या तसा. त्या बराच वेळ त्या दोन रेघांकडे बघत बसल्या. मग सतराव्याची एक प्रत घेऊन स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवली, कापायच्या टेबलावर कोरं पांढरं कापड पसरलं आणि खडू शोधायला लागल्या.